जोन्स रोगाचे निदान : एकाच चाचणीवर विसंबू नका
नीट चारा खाऊनही खंगत जाणारी, हगवण औषधाला दाद देत नाही अशी गाय समोर आली, की जोन्स रोगाची (आतड्यांच्या जुनाट जिवाणूजन्य रोगाची) शंका घ्यावी. शेळ्या-मेंढ्यांत मात्र पुष्कळदा हगवण नसते, नुसती झीज दिसते. या रोगाचा जिवाणू मायकोबॅक्टिन (या जिवाणूला वाढीसाठी लागणारा घटक) घातलेल्या प्रयोगशाळेतील माध्यमावरही वाढायला साधारण ८ ते १६ आठवडे घेतो आणि मेंढ्यांतील प्रकार तर त्याहून हट्टी असतात, म्हणून केवळ संवर्धनाच्या (जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीच्या) अहवालाची वाट पाहत थांबू नये.

शेणाच्या पीसीआरमध्ये (जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीत) आयएस९०० या डीएनए-तुकड्याचे लक्ष्य संवेदनशील आहे, पण तत्सम क्रम इतर काही मायकोबॅक्टेरियांतही (याच गटातल्या जिवाणूंतही) आढळतात. तेव्हा एफ५७सारख्या दुसऱ्या लक्ष्याने खात्री करून घ्यावी. जिवाणू शेणातून सतत पडत नाहीत, त्यामुळे एकाच निगेटिव्ह निकालावरून जनावर निरोगी ठरवणे मला धोक्याचे वाटते.

हरणांसारख्या वन्य प्राण्यांना गाईंसाठी ठरलेले एलायझाचे (प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीचे) निकष जसेच्या तसे लावू नका. ताज्या लेंड्या गोळा करा, आणि मृत प्राणी मिळाला तर लहान आतड्याचा शेवटचा भाग व शेजारच्या लसिका ग्रंथी अवश्य घ्या. जाड होऊन मेंदूसारख्या वळ्या पडलेल्या अस्तराच्या खरवडीला झील-नील्सन रंजन (अशा जिवाणूंना लाल रंग देणारी पद्धत) केल्यावर लाल दंडाणूंचे पुंजके दिसू शकतात. ते दिसले नाहीत, तरी रोग नाकारता येत नाही. एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) आणि दुसरा कोरडाच बर्फावर पाठवा, कारण फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यातून संवर्धन होत नाही.