हायड्रॉइडच्या फांदीचं टोक पुढे जाऊन परत मागे येतं. तो मरतोय का?

नाही, तो वाढतोय. हायड्रॉइड म्हणजे समुद्रातला, वसाहत करून राहणारा, झुडपासारखा दिसणारा छोटा प्राणी. तुम्ही लिहिलंय की पणजीजवळच्या मालीमच्या जेटीवरच्या दोरावरून झुडपासारखा झुबका आणला, मोबाईलने टाइमलॅप्स घेतला आणि टोक मागे सरकताना बघून धास्तावलात. मी पणजीत प्राणिशास्त्र शिकवतो. बीएस्सीला ओबेलिया या हायड्रॉइडची आकृती सगळेच काढतात, पण हे टोक हलतं हे कुणी सांगत नाही, म्हणून तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला.

भरती चढताना बघा. प्रत्येक लाट मागे जाते, तरी ओली रेघ वर सरकत राहते. टोकाचंही तसंच. साधारण पाच-दहा मिनिटांच्या एका फेऱ्यात ते पुढे ताणलं जातं, मग थोडं मागे येतं. पुढची चाल मागच्यापेक्षा जास्त, तेवढीच खरी वाढ. टोकाच्या पेशींच्या आतल्या पोकळ्यांत पाणी भरतं, पेशी फुगतात, कलतात आणि टोक पुढे रेटतात. तिथलं कायटिनचं (कीटकांच्या कवचात असतो त्या पदार्थाचं) आवरण अजून मऊ असतं म्हणून ते ताणलं जातं. मागचं कडक झालेलं असतं, म्हणून मिळवलेली जागा सुटत नाही. मॉस्कोच्या लेव बेलौसोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली या स्पंदनांमागे पेशींत काय घडतं ते मांडलं. मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं, की टोकाशी पेशी जवळजवळ विभागतच नाहीत. त्या मागे तयार होतात आणि पुढे सरकत येतात.

नळीच्या आत कण इकडून तिकडे वाहताना दिसले असतील, तर ते वेगळं. पॉलिप, म्हणजे वसाहतीतले तोंड असलेले छोटे जीव, आकुंचन पावून अन्नरस सगळ्या वसाहतीत फिरवतात.

मरणाची खूण अशी: आतला जिवंत भाग आक्रसून मागे जातो, पारदर्शक रिकामी नळी उरते, आणि तो भाग परत पुढे येत नाही.

पुन्हा बघायचं असेल तर एक फांदी काचपट्टीला दोऱ्याने बांधा, गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची) ताजी पिल्लं खायला द्या. काही दिवसांत आडवी नळी काचेवर रांगू लागेल. मग दर तीस सेकंदांनी एक फोटो घ्या. पावसात मांडवीच्या मुखाशी पाणी फार गोडं होतं, तेव्हा नमुना पाऊस सरल्यावरच आणा.