लहान महाविद्यालयाचे ग्रंथालय संगणकीकृत करायचे असल्यास सुरुवात कशी करावी?

गोव्यातील काही हजार पुस्तकांच्या ग्रंथालयाविषयी आपण विचारले आहे. संगणकप्रणालीची निवड हा यातला सर्वात सोपा भाग आहे. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली आणि २००० सालापासून मुक्तपणे उपलब्ध असलेली 'कोहा' किंवा गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांसाठीच्या केंद्राची 'सोल' यांपैकी कोणतीही चालेल. मात्र कोहासाठी लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली सांभाळणारा माणूस हाताशी हवा.

खरे कष्ट आधीचे आहेत. दाखल नोंदवही (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद असलेली वही) हाती घेऊन प्रत्येक कपाट पडताळावे आणि वाळवीने खाल्लेली किंवा हरवलेली पुस्तके रीतसर निर्लेखित करावीत, म्हणजे नोंदींतून कमी करावीत, कारण नसलेल्या पुस्तकांच्या नोंदी टंकित करण्यात काहीच अर्थ नाही. इंग्रजी पुस्तकांच्या बऱ्याच नोंदी अन्य ग्रंथालयांच्या तालिकांतून (पुस्तकसूचींतून) मार्क २१ या संगणकाला वाचता येणाऱ्या प्रमाण नोंद-स्वरूपात आयत्या मिळतात, पण मराठी आणि कोंकणी पुस्तकांच्या बहुधा स्वतःच कराव्या लागतात. त्या युनिकोड देवनागरीतच कराव्यात, आणि लेखकाच्या नावाचे एकच प्रमाण रूप आधी ठरवावे, अन्यथा 'बा. भ. बोरकर', 'बाळकृष्ण भगवंत बोरकर' आणि 'बाकीबाब' असे तीन वेगळे लेखक तालिकेत दिसतील आणि विद्यार्थ्याला त्यांची निम्मी पुस्तके सापडणारच नाहीत.

बारकोडसाठी साधा कागद नको. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तो सुटतो, म्हणून पॉलिएस्टरच्या चिकटपट्ट्या घ्याव्यात. पुस्तकांची देवघेव मात्र सत्राच्या मध्यावर नव्हे, तर मे महिन्याच्या सुट्टीत, बहुतेक पुस्तके परत आलेली असताना संगणकावर आणावी आणि माहितीची प्रत रोज दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवावी.