सुरगाण्यात आमच्या पाड्यालगतचं जंगल आम्ही राखतो, पण त्यावर गावाचा कायदेशीर हक्क असतो का?

हो, असतो. वनहक्क कायदा, 2006 मध्ये दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांची गल्लत करू नका. कसत असलेल्या वनजमिनीचा दावा वैयक्तिक असतो. नाशिकहून मार्च 2018 मध्ये मुंबईला पायी गेलेल्या शेतकऱ्यांची मोठी मागणी तीच होती. तुम्हाला हवा आहे तो सामूहिक वनसंसाधनाचा हक्क. त्यासाठी ग्रामसभा 'नमुना क' भरते. तो मिळाला की जंगल राखायचं, वाढवायचं आणि त्याचं व्यवस्थापन करायचं, हे ग्रामसभेच्या हाती येतं. कलम 5 तर वन्यजीव आणि पाण्याचे स्रोत जपण्याचा अधिकारही ग्रामसभेला देतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2009 मध्येच असा हक्क मिळवला.

पुराव्याची धास्ती नको. किमान दोन पुरावे लागतात आणि म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब त्यात धरला जातो. आजीला शेजारी बसवा. हिरडा कुठून आणायचो, गुरं कोणत्या ओहोळावर पाजायचो, देवाची राई कुठवर, शेजारच्या गावाची शीव कुठे लागते, सगळं तिच्या शब्दांत उतरवून अंगठा घ्या. मग तिलाच सोबत नेऊन नकाशावर हद्द दाखवा.

पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासींच्या ग्रामसभांना खास अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या भागात, पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, ती जरूर करून घ्या. दाव्याचा ठराव करायच्या सभेला निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. माझ्या मते बायकांना आधी बोलवा, जंगलात रोज त्याच जातात. दाव्याची पोच घ्याच. उपविभागीय समितीने दावा फेटाळला, तर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागा.