मॉरिशसमध्ये वर्षावनातला धबधबा बघायचा आहे, आई-बाबा सोबत आहेत. शामारेलला जावं की सेत कास्कादला?

तुम्ही जूनमध्ये जाताय, दोघेही पासष्टीच्या पुढचे आहेत आणि एकच दिवस समुद्र सोडून जंगलासाठी ठेवलाय, असं तुम्ही कळवलंय. मी नोकरीनिमित्त तिथल्या वाकवा शहरात राहत होतो, त्यामुळे सरळ सांगतो. आई-बाबांसाठी शामारेल, तुमच्यासाठी सेत कास्काद. आणि खरं वर्षावन या दोन्हीकडे नाही, ते तिसरीकडे आहे.

शामारेल बेटाच्या नैर्ऋत्येला. साधारण शंभर मीटरांची सरळ उडी, बाजूबाजूने पडणाऱ्या धारा, खाली गर्द हिरवी दरी. सात रंगांच्या मातीचं जे प्रसिद्ध ठिकाण आहे त्याच्याच आवारात हा धबधबा येतो, तिकीट एकच. गाडी जवळपर्यंत जाते, वरच्या कठड्यासाठी तेवढ्या पायऱ्या आहेत. पण हा लांबून बघायचा धबधबा. भुशी डॅमच्या पायऱ्यांवर बसून भिजलेल्या माणसाला तो जरा अपुराच वाटतो. तरी कठड्याशी पाच मिनिटं जास्त थांबा. लांब शेपटीचे पांढरे पक्षी दरीत घिरट्या घालताना दिसतील. एअर मॉरिशसच्या विमानांवर तोच पक्षी असतो. सकाळी लवकर गाठा, नंतर टूरच्या बसेस येतात आणि फोटोसाठी रांग लागते. रंगीत माती पंधरा मिनिटांत बघून होते, तिच्यासाठी दिवस काढू नका.

तिथला कातळ तुम्हाला ओळखीचा वाटेल आणि त्याला कारण आहे. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तबिंदूवरून (जमिनीखालून तप्त शिलारस वर येत राहतो अशी जागा) आला, त्याच तप्तबिंदूने पुढे मॉरिशस घडवलं, फार तर ८०-९० लाख वर्षांपूर्वी. आज तो रेयुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

आता सेत कास्काद, म्हणजे सात धबधबे. सुरुवात हेन्रिएटा गावातून, क्यूरपीप-वाकवाकडून बस येते. उसाच्या शेतांमधून वाट जाते आणि ऊस संपला की एकदम दरीचा काठ. एकूण उतार तीनशे मीटरच्या जवळपास, टप्प्याटप्प्याने. पहिल्या दर्शनाची जागा गावापासून थोड्याच अंतरावर आहे, आई-बाबांचे गुडघे बरे असतील तर तिथपर्यंत त्यांना नक्की न्या. तिथून खाली मात्र आई-बाबांना न नेता तुम्हीच जा. तळापर्यंत उतरून परत यायला चारेक तास लागतात. लाल चिखल, उघडी पडलेली मुळं, काही जागी हाताने धरून उतरावं लागतं. राजमाची-देवकुंड केलं असेल तर जमेल, पण चपला-सँडल नकोत. वाटाड्या घ्याच, कारण पाट्या नाहीत आणि वाटांना फाटे फुटतात. पैसे निघण्याआधी ठरवा.

डोहात पोहता येतं. पाणी गार असतं, जून तिथला हिवाळा आहे. वरून उड्या मारणारी स्थानिक पोरं दिसतील. त्यांना कुठे खडक आहे ते माहीत असतं, तुम्हाला नसतं. तिथे विषारी साप नाहीत, ती काळजी सोडा. खरी काळजी पाण्याची. आग्नेयेकडून येणारे वारे मधल्या पठारावर पाऊस टाकतात: तिथे वर्षाला ४,००० मिमीपर्यंत, तर पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम ९०० च्या आसपास. म्हणजे तुमच्या हॉटेलवर लख्ख ऊन असतं तेव्हा वर झड लागलेली असू शकते. हॉटेलचं आभाळ बघून निर्णय घेऊ नका, वाटाड्याला फोन करून विचारा. रात्री वर जोरात पडला असेल तर दुसरा दिवस बघा. जूनमध्ये पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, दरीत त्याआधीच अंधारतं, म्हणून आठलाच चालायला लागा.

हेन्रिएटाबद्दल एक अवांतर. मॉरिशसमधला पहिला गणेशोत्सव १८९६ मध्ये याच गावात झाला असं सांगतात. मळ्यांवर मजुरीला गेलेल्यांत कोकणातली माणसं होती, त्यांचे वंशज अजून या भागात आहेत. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. घरात बोलणं बहुतेक क्रिओल या फ्रेंचवरून आलेल्या तिथल्या भाषेत, पण आरती मराठीत. बाबांना गप्पा मारायची हौस असेल तर गावात थोडा वेळ ठेवा.

वर्षावनाचं असं आहे की दोन्ही धबधब्यांभोवती जी हिरवळ दिसते ती बरीचशी उपरी आहे. चिनी पेरू, मादागास्करहून आणलेली पंख्यासारखी रवेनाला, असलं सगळं. डचांनी १६३८ पासून एबनीची (काळ्या, टणक लाकडाची) झाडं तोडायला सुरुवात केली, पुढे ऊस आला, आणि चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल आता २ टक्क्यांहून कमी उरलंय. त्यातलं बरंचसं ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात, जे १९९४ मध्ये झालं. पेत्रँच्या (उद्यानाच्या एका प्रवेशाच्या जागेच्या) बाजूने माकाबेच्या जंगलात शिरा, थोडं चाललात तरी फरक कळतो. तण उपटून राखलेल्या कुंपणाच्या जागा आहेत. झाडं उंच नाहीत, चक्रीवादळं त्यांना वाढू देत नाहीत. पण खोडांवर शेवाळ, नेचे, ऑर्किड. नशीब असेल तर गुलाबी कबूतर दिसेल. १९९० च्या सुमाराला रानात त्यांची संख्या दहाच्या आसपास उरली होती. मॉरिशसचा खरुची, म्हणजे छोटा ससाणा, तर १९७४ मध्ये चारवर आला होता. दोघांनाही माणसांनी पिल्लं वाढवून वाचवलं.

जंगल गिळणारा तो चिनी पेरू मात्र खायला मस्त. लालबुंद, बोराएवढा, आंबटगोड. लोक बादल्या घेऊन तोडायला येतात आणि तिखटमीठ लावून खातात. जूनमध्ये रस्त्याकडेला विकायला दिसला तर सोडू नका.

आई-बाबांच्या दिवसाचा रस्ता असा धरा: वाकवाकडून पेत्रँ, पुढे अलेक्झांड्रा धबधब्याचा कठडा, प्लेन शांपेन, दरीचं दर्शन आणि मग खाली शामारेल. सगळं एकाच रस्त्यावर येतं, भाड्याच्या गाडीने आरामात होतं आणि तिथे गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात. शामारेल सकाळचं हवं असेल तर हाच रस्ता उलटा करा. सेत कास्कादसाठी दुसरी एखादी सकाळ काढा, दोन्ही एका दिवसात कोंबू नका. आणि पेत्रँपासून गंगा तलाव अगदी जवळ आहे, ३३ मीटरांची शंकराची मूर्ती लांबूनच दिसते. आई तिथे गेल्याशिवाय राहणार नाही, तेव्हा तासभर आधीच धरून ठेवा.