४० एचपी आउटबोर्डचा पॉवरहेड स्वतः बदलता येईल का? यातलं आधी काहीच केलेलं नाही

तुमच्या प्रश्नावरून एवढं कळतं : फायबरची होडी, तिच्या मागे लावलेलं दोन सिलिंडरचं ४० एचपी टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, कायम खाऱ्या पाण्यात वापर. चालता चालता जोर गेला, इंजिन बंद पडलं आणि आता दोरी ओढली की एका सिलिंडरला दाबच लागत नाही. मेकॅनिकने ‘पॉवरहेड (सिलिंडर, पिस्टन आणि क्रँक असलेला इंजिनचा वरचा ठोकळा) गेला’ म्हणून सांगितलं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत दुसरा पॉवरहेड आणून स्वतः बसवता येईल का, असं तुम्ही विचारताय.

येईल. सॉकेट-पाना चालवायची सवय आणि घाई न करण्याचा स्वभाव असला तर नक्की येईल. अख्खा पॉवरहेड बदलताना क्रँक किंवा पिस्टन उघडावे लागत नाहीत. खालचे बोल्ट काढायचे, ठोकळा सरळ वर उचलायचा, दुसरा ठेवायचा. खरं काम दोन ठिकाणी आहे : खाऱ्या पाण्याने जाम झालेले बोल्ट आणि जुना पॉवरहेड का गेला याचा शोध. हा शोध बहुतेक जण घेत नाहीत. मग नवा पॉवरहेड त्याच कारणाने जळतो आणि दोष नव्या मालाला लागतो.

म्हणून पैसे देण्याआधी एक दिवस तपासणीला द्या. दोन्ही प्लग काढा, प्लगच्या वायरी बॉडीला अर्थ करा (नाहीतर सीडीआय, म्हणजे प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा, उडू शकतो), थ्रॉटल पूर्ण उघडा, कॉम्प्रेशन गेज लावा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. दोन सिलिंडरमधला फरक आकड्यापेक्षा महत्त्वाचा. १० ते १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, त्यापुढे आत काहीतरी बिघडलंय. सिलिंडरमध्ये तेल टाकून पुन्हा मोजायची मोटरसायकलवाली पद्धत इथे फारशी कामाची नाही, कारण आउटबोर्डचे सिलिंडर आडवे असतात आणि तेल एकाच बाजूला साचतं.

मग सिलिंडर हेड उघडा. नुसतं हेड गॅस्केट फुटलेलं निघालं तर पॉवरहेड घ्यायची गरजच नाही. लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) ओरखडे आहेत पण क्रँक हाताने मऊ फिरतोय आणि कनेक्टिंग रॉड वर-खाली खडखडत नाही, तर चांगल्या लेथवाल्याकडून बोअर करून ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन-रिंग टाकणं स्वस्त पडतं. क्रँकची बेअरिंगं गेली असतील, रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलं असेल किंवा पाण्याच्या वाटा गंजून आरपार झाल्या असतील, तरच पॉवरहेड बदलण्यात अर्थ आहे.

जुना पिस्टन नीट बघा, सगळं त्याच्यावर दिसतं. मधोमध वितळून भोक पडलं असेल तर मिश्रण पातळ होतं म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं, किंवा टायमिंग पुढे सरकलं होतं, किंवा चुकीच्या नंबरचा प्लग होता. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर उष्णता वाढली किंवा तेल कमी पडलं. चारही बाजूंना सारखे ओरखडे म्हणजे थंड पाण्याचा पुरवठा तुटला. लायनरवर तांबूस गंज म्हणजे आत खारं पाणी शिरलं. एकच सिलिंडर गेला असेल तर त्या सिलिंडरचा कार्बोरेटर, तिथून हवा ओढणारं गॅस्केट आणि रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेऊन परत जाऊ न देणारी पातळ पाती) तपासा. दोन्ही गेले असतील तर संशय तेलाच्या मापावर किंवा पाण्याच्या पंपावर. फक्त वरचा गेला असेल तर आधी पंप बघा : पाणी खालून चढतं, कमी पडलं की वरचा सिलिंडर आधी तापतो.

पेट्रोलचंही बोलायला हवं. बहुतेक आउटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगतात आणि आपल्या पंपांवर आता २० टक्केवालं मिळतं. त्याने मिश्रण थोडं पातळ होतं, जुने रबरी पाइप मऊ पडतात, आणि टाकीत दमट हवा राहिली की इथेनॉल पाणी ओढून घेऊन तळाला वेगळं होतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, पाइप आणि प्रायमर बल्ब नवे घ्या आणि इंजिन उभं राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

खरेदी करताना इंजिन होडीला धरणाऱ्या क्लॅम्पवरच्या पट्टीवरचा मॉडेल कोड आणि सिरीयल नंबर दुकानदाराला द्या. ‘४० एचपीचा द्या’ एवढ्यावर कधीही घेऊ नका, एकाच ताकदीच्या इंजिनांची वेगवेगळी मॉडेलं असतात. शॉर्ट ब्लॉक (बाहेरचे जोडभाग नसलेला नुसता ठोकळा) घेतला तर फ्लायव्हील, कॉइल, सीडीआय, कार्बोरेटर, रीड, फ्युएल पंप आणि स्टार्टर जुन्यावरून काढून बसवावे लागतात. सेकंडहँड असेल तर प्लग काढून हाताने फिरवा, एक्झॉस्ट कव्हर उघडायला लावून पोर्टमधून पिस्टन आणि रिंगा बघा. विकणारा कव्हर उघडू देत नसेल तर घेऊ नका. त्याच मॉडेलचा पूर्ण गॅस्केट सेट, इंपेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) किट, थर्मोस्टॅट, फ्युएल पंपाचा पडदा, प्लग आणि ॲनोड (इंजिनऐवजी स्वतः गंजणारा धातूचा तुकडा) हे सगळं नवं घ्या.

हत्यारं : ८, १०, १२, १४, १७ मिमी सॉकेट आणि लांब एक्स्टेन्शन, टॉर्क पाना, हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, फ्लायव्हील पुलर, हीट गन किंवा गॅसची छोटी टॉर्च, चांगलं पेनिट्रेटिंग ऑइल आणि चेन पुली. पुलर फ्लायव्हीलच्या मधल्या आट्यांच्या भोकांत बसणाराच हवा. कडेला धरून ओढणारा तीन पायांचा पुलर लावला की कड वाकते आणि आतली मॅग्नेट सुटतात.

इंजिन होडीवरून काढून मजबूत लाकडी घोडीवर बांधा. बॅटरी आणि पेट्रोलचा पाइप सोडवा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक वायरला आणि पाइपला चिकटपट्टीवर नंबर घाला. थ्रॉटल आणि टायमिंगच्या काड्यांची लांबी सोडवण्याआधीच मोजून लिहा. ती बदलली तर टायमिंग पुढे जातं आणि नव्या पिस्टनला त्याच दिवशी त्रास सुरू होतो.

त्यानंतर आधी खालचा गिअरकेस (गिअर आणि प्रोपेलर असलेला भाग) उतरवा. गिअरच्या काडीचा जोडनट किती आट्यांवर होता त्याची खूण ठेवा. गिअरकेस बोल्ट काढूनही खाली येत नसेल तर ड्राइव्ह शाफ्टचं वरचं टोक क्रँकच्या खाचांत गंजून बसलंय. हे आत्ता कळलेलं बरं, पॉवरहेड पुलीवर लटकत असताना नाही. खाचांवर वरून-खालून तेल सोडून रात्रभर ठेवा, गिअरकेस समसमान खाली दाबत रबरी हातोडीने ठोका. सांध्यात पहार घालून उचकटू नका, ॲल्युमिनियम तुटतं.

आता पॉवरहेडचे बोल्ट. बहुतेक मॉडेलांत ते खालून वर येतात आणि एक-दोन रबरी झाकणाखाली किंवा बाजूच्या कव्हरआड लपलेले असतात. स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमचं भोक आणि मध्ये खारं पाणी अशी गाठ पडली की पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट सिमेंटने बसवल्यासारखा घट्ट होतो. लांब पाइप लावून जोर काढला की तो तुटणारच. आधी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर सरळ चार-पाच ठोके मारा, तेल सोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडा. मग बोल्टला नाही, त्याच्या भोवतीच्या ॲल्युमिनियमला उष्णता द्या, कारण ते जास्त प्रसरण पावतं आणि भोक मोठं होतं. (पेट्रोलची टाकी, पाइप आणि तेलाचे बोळे आधी लांब न्या.) पाना आधी जरासा आवळण्याच्या दिशेने लावा, कट्ट आवाज आला की उलटा फिरवा. पाव फेरा सैल, थोडा परत, पुन्हा सैल असं पुढे-मागे करत काढा. तरीही तुटला तर उरलेल्या तुकड्यावर नट ठेवून वेल्डिंग करून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेनेच अर्धं काम होतं. तेही जमलं नाही तर बरोबर मध्यावर ड्रिल करून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग) बसवायचं, आणि इथे अनुभवी माणूस बोलावण्यात काहीच कमीपणा नाही.

सगळे बोल्ट निघाले की चेन पुलीने हलका ताण द्या आणि सांध्याभोवती रबरी हातोडी फिरवा. गॅस्केट सुटलं की सरळ वर उचला. वजन दोन माणसांना झेपतं, पण वाकडं उचललं की खाच आणि सील दोन्ही खराब होतात.

उघडा पडलेला खालचा पृष्ठभाग, म्हणजे ज्यावर पॉवरहेड बसतो ती प्लेट, सावकाश साफ करा. प्लॅस्टिकची पट्टी आणि थिनर वापरा, तारेचं चाक नको. धातूची सरळ पट्टी ठेवून खाली ०.१ मिमीचं फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) जातंय का बघा. जात असेल किंवा पाण्याच्या आणि एक्झॉस्टच्या वाटांमधल्या भिंतीत खड्डे पडले असतील, तर एक्झॉस्टची बाजू पाणी ओढते आणि लायनर गंजतो. किरकोळ वाकडेपणा ४०० नंबरचा पेपर काचेवर ठेवून घासता येतो, खोल खड्डे असतील तर प्लेट बदला. पावसाळी हवेत उघडा लायनर एका रात्रीत तांबडा होतो, म्हणून काम थांबलं की तेल मारून पॉलिथिन बांधा.

गिअरकेस खाली आहे तोवर इंपेलर बदला. जुन्याची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा वर पाण्याच्या नळीत किंवा ब्लॉकच्या वाटेत अडकलाय, तो सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका. थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून बघा, या इंजिनांत तो साधारण ५० अंशांच्या आसपास उघडायला लागतो. कार्बोरेटर पूर्ण खोलून जेट हवेने साफ करा. रीडच्या पातीचा कोपरा उडालेला दिसला तर बदला, नाहीतर पुढचा तुकडा थेट नव्या सिलिंडरमध्ये जाईल.

बसवताना नवं गॅस्केट जुन्यावर ठेवून भोकन् भोक जुळवा. शाफ्टच्या खाचांच्या बाजूंना मरीन ग्रीस लावा, पण टोकाच्या सपाट भागावर नको. तिथे साचलेलं ग्रीस शाफ्टला पूर्ण वर बसू देत नाही. गिअरकेस चढवताना शाफ्ट खाचांत जात नसेल तर फ्लायव्हील हाताने थोडं घड्याळाच्या दिशेने फिरवा, बोल्टने ओढून घेऊ नका. बोल्टच्या आट्यांना मरीन ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी निघतील. आवळताना तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला टॉर्कच वापरा. ज्या किरकोळ बोल्टचा वेगळा आकडा दिलेला नसतो त्यांना सर्वसाधारणपणे एम-६ ला ८, एम-८ ला १८ आणि एम-१० ला ३६ न्यूटन-मीटर धरतात. दोन-तीन टप्प्यांत, मधून बाहेरच्या बाजूला आवळत जा. फ्लायव्हील बसतं त्या क्रँकच्या निमुळत्या टोकावर मात्र तेल-ग्रीसचा थेंबही नको. ते थिनरने कोरडं पुसा, चावी खाचेत नीट बसलीय ना बघा आणि मगच नट टॉर्कला आवळा.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी दोन्ही सिलिंडरमध्ये थोडं टू-स्ट्रोक तेल सोडून हाताने फिरवून घ्या. तेल टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या) दर्जाचंच. स्कूटरचं २टी हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, इथे त्याने रिंगा चिकटतात. पहिले १० तास २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली. २४ लिटरच्या टाकीत ९६० मिली. त्यानंतर मॅन्युअलमध्ये ५०:१ असेल तर लिटरला २० मिली.

मोकळ्या जागेत २०० लिटरच्या पिंपात, पंपाच्या बऱ्याच वर पाणी येईल असं इंजिन उभं करून न्यूट्रलमध्ये सुरू करा. कोरडं काही सेकंदही नको. बाजूच्या भोकातून पाण्याची धार लगेच आली पाहिजे, आली नाही तर बंद करा. धार दिसली म्हणजे पंप चालतो एवढंच सिद्ध होतं, थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही सिलिंडरच्या हेडचं तापमान घ्या. वरचा सिलिंडर खालच्यापेक्षा सतत चढत राहिला तर थांबा आणि पाण्याची वाट शोधा.

पाण्यात नेल्यावर पहिली १० मिनिटं अगदी मंद, पहिल्या तासाचा उरलेला वेळ अर्ध्या थ्रॉटलच्या आत, दुसऱ्या तासात पाऊणपर्यंत, तिसऱ्यापासून दहाव्या तासापर्यंत पूर्ण थ्रॉटल सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. एकाच वेगावर धरून ठेवू नका, कमी-जास्त करत राहा. हे रनिंग-इन (नवं इंजिन रुळवणं) संपलं की होडीत नेहमीचा भार घालून पूर्ण थ्रॉटलला आरपीएम मोजा. या ताकदीच्या इंजिनांना बहुधा ४५०० ते ५५०० आरपीएम अपेक्षित असतात. त्याच्या खाली राहत असेल तर प्रोपेलर जड आहे, कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे ढकलणारा) घ्या. जड प्रोपेलरने दम कोंडून चालणारं इंजिन आतून तापतं. दहा तासांनी प्लग काढून रंग बघा, कॉम्प्रेशन पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह इंजिनच्या टोपणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.