वाचकांचे प्रश्न : बेळगाव-वेंगुर्ला रोड असा का गेलाय?

प्रश्न : ताई, आम्ही तुरमुरीचे. बेळगावहून हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, मग आमचं गाव, पुढं बाची आणि लगेच महाराष्ट्रातलं शिनोळी, असा हा रोड. मुलगा मोबाईलवर नकाशा बघून विचारायलाय की एवढी वळणं घेत गावं धरत का गेला, सरळ का नाही काढला, आणि मधेच राज्य कसं काय बदललं? त्याला नीट सांगता येईल असं लिहा.

उत्तर : दादा, मुलाला पहिल्यांदा हे सांगा की हा रोड आपल्या गावांसाठी काढलेलाच नाही. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडं गेला, मग कॅम्प म्हणजे लष्कराची छावणी वसली, आणि कॅम्पाला समुद्र गाठायला जवळचं बंदर म्हणजे वेंगुर्ला. ते बंदर इंग्रजांच्याही आधीचं, १७व्या शतकात डचांनी तिथं वखार घातली होती, तिच्या पडक्या भिंती अजून बघायला मिळतात. तर टोकं दोन, कॅम्प आणि बंदर, आणि मधे सह्याद्री. कोकणात उतरायचं तर घाट लागणार आणि घाट जिथं सापडेल तिकडंच वरचा रोड वळणार. आधीची वाट रामघाटातनं होती, बेळगावात रामघाट रोड हे नाव आपण रोज घेतो ते त्याचंच. पण तो घाट उभा, भरलेल्या बैलगाड्यांचे हाल व्हायचे, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीकडनं गाडीरस्ता झाला आणि शिनोळी, पाटणे फाटा, चंदगडचा भाग, आंबोली, सावंतवाडी, वेंगुर्ला अशी ही वाट पक्की झाली.

आता वळणांचं. आपल्या पश्चिम भागात पावसाळ्यात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, भाताची खाचरं गुडघाभर भरतात, मार्कंडेय नदी फुगते, त्या चिखलात रोड टिकणार कसा? म्हणून जुन्या लोकांनी खाचरं टाळून उंचवट्याची मुरमाड जमीन धरली, आणि ओढा-नदी ओलांडायची तर तिरकी न ओलांडता काटकोनात, म्हणजे पूल आखूड होतो आणि खर्च वाचतो, त्यासाठी पुलाच्या अलीकडं-पलीकडं वळण घ्यावंच लागतं. गावंही त्याच कारणानं उंचवट्यावर बसलेली, घरात पाणी शिरू नये म्हणून. मग रोड आणि गावं एकमेकांना भेटणारच की!

पुढं १८८० च्या दशकात लोंढ्याकडनं गोव्यातल्या मुरगाव बंदराला रेल्वे गेली, माल तिकडं वळला आणि वेंगुर्ल्याचा व्यापार बसला. ज्याच्यासाठी रोड काढला तेच कमी झालं, पण रोड राहिला आणि तो खरा आपला झाला तो तिथनं पुढं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहाटे फाट्यावर उभं राहून बघा, रताळ्यांची पोती रचलेली, लाल माती अजून ओली चिकटलेली, टेम्पोवाला मोजून घेतोय आणि पोत्याची मालकीण त्याच टेम्पोत पुढं बसून बेळगावच्या मार्केटला निघालीय, कारण भाव काय लागतो ते तिला स्वतः ऐकायचं असतं. चंदगड भागातली रताळी-बटाटेही इकडंच येतात, इकडची पोरं शिनोळीच्या एमआयडीसीत कामाला जातात, तिकडची कॉलेजला बेळगावात येतात, मंगळवार-शुक्रवारी उचगावच्या मळेकरणी देवीला दोन्हीकडनं माणसं.

राज्य बदललं ते १ नोव्हेंबर १९५६ ला. त्याआधी चंदगड तालुका आपल्या बेळगाव जिल्ह्यातच होता, सगळं मुंबई राज्य. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं आणि चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणून बाची इकडं आणि शिनोळी तिकडं. २००४ पासून सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात आहे. रोडपुरतं माझं म्हणणं एवढंच की दोन राज्यांची दोन खाती आपापला तुकडा आपापल्या वेळेला करतात आणि माणसं मात्र रोज सलग जातात, तेव्हा रुंदीकरण असो की गटारी असोत की शाळेसमोरचा गतिरोधक, बेळगाव ते पाटणे फाटा एकत्र बसून ठरवायला हवं. हे दोन्ही बाजूंच्या ग्रामपंचायतींनी ठराव करून मागावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांचं डोकं कुठं हिरवं, कुठं पिवळं असतं, ते का? (उचगावची विद्यार्थिनी)

उत्तर : हिरवं म्हणजे राज्यमार्ग, पिवळं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग. नारिंगी दिसलं तर ग्रामसडक योजनेतला गावाचा रोड.

प्रश्न : आमच्याकडं रोड रुंद होणार म्हणून दोघं-तिघं येऊन पट्टी लावून मोजून गेले. जमीन जाणार काय? कानडी नोटीस आली तर कळणार कशी?

उत्तर : काका, नुसतं मोजलं म्हणून जमीन जात नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आधी प्राथमिक अधिसूचना काढावी लागते, ती दोन दैनिकांत, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, आणि ग्रामपंचायतीतही लावावी लागते, आणि तिथनं ६० दिवसांत तुम्ही लेखी हरकत देऊ शकता. हे ६० दिवस घालवू नका. मोबदल्यात बाजारभाव धरून वर १०० टक्के दिलासा रक्कम असते, शिवाय झाडं, विहीर, बांधकाम यांची किंमत वेगळी, म्हणून आंबा-काजू-फणस सगळं आताच मोजून फोटो काढून ठेवा. उतारा काढून बघा, कितीतरी घरांत तो अजून आज्याच्या नावावर असतो आणि मोबदला वाटायच्या वेळी भावाभावांत अडकतो, तेव्हा वारसा आधी करून घ्या. भाषेचं म्हणाल तर जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतही द्याव्यात असं केंद्राचं जुनं धोरण आहे, त्याचा उल्लेख करून मराठी प्रत लेखी मागा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि ती येईपर्यंत थांबू नका, कानडी वाचणाऱ्या माणसाकडनं नोटीस त्याच दिवशी वाचून घ्या.