बोक्याच्या एकाच डोळ्याचा रंग बदलला तर काय समजायचं?

तुम्ही विचारलंय की मालवणच्या घरी चार वर्षांचा बोका आहे, दोन्ही डोळे पिवळे होते, पण आठवडाभर उजवा तांबूस-मातकट दिसतोय. खातोपितो नीट, तर थोडे दिवस वाट बघू का? वाट बघू नका. मांजर जेवतंय म्हणजे त्याला दुखत नाही असं धरता येत नाही. बांगड्याचं डोकं समोर आलं की ते दुखणं सोसूनही खातं.

जन्मापासून एक डोळा निळा नि एक पिवळा असेल तर काळजी नको. पिल्लांचे डोळेही आधी निळेच असतात, खरा रंग नंतर उतरतो. पण मोठ्या मांजराचा, तोही एकाच डोळ्याचा रंग पालटला, तर आत काहीतरी बिघडलंय.

मला पहिला संशय आतल्या सुजेचा, म्हणजे युव्हाइटिसचा येतो. आमच्या वेंगुर्ल्याच्या बोक्याला तेच झालं होतं. खिडकीपाशी उजेडात धरला तेव्हा पिवळ्या भागात बारीक लाल शिरा दिसल्या, बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा लहान होती, आणि तो डोळा सारखा किलकिला करायचा. मारामारीत नख लागून हे होतं, तसंच टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी, एफआयपी हा मांजरांचा व्हायरसचा आजार, ल्युकेमियाचा व्हायरस किंवा चाव्यातून पसरणारा एफआयव्ही, म्हणजे मांजरांमधला एचआयव्हीसारखा व्हायरस, यांमुळेही होतं. बोका रात्री बाहेर भटकत असेल तर रक्त तपासून घ्याच.

याउलट बाहुली मोठी, उजेडातही आकसत नाही आणि डोळा निळसर धुरकट दिसतोय, तर काचबिंदू असू शकतो. मग त्याच दिवशी निघा, वाढलेल्या दाबाने नजर कायमची जाते. म्हाताऱ्या मांजराच्या डोळ्यात एकाएकी रक्त उतरलं तर ब्लडप्रेशर आणि किडनी बघायला सांगा. तपकिरी डाग हळूहळू पसरत असतील तर ते बरेचदा निरुपद्रवी असतात, पण क्वचित कॅन्सरही निघतो.

कृपा करून घरातले माणसांचे ड्रॉप्स घालू नका. त्यात स्टेरॉइड असलं आणि बुबुळावर जखम असली तर ती चिघळून बुबुळ फुटू शकतं. दुखतंय म्हणून पॅरासिटॅमॉल तर अजिबातच नको, मांजराला ते विष आहे.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी दाखवा. रंगाची पट्टी लावून जखम बघायला सांगा आणि डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र आहे का ते विचारा. सगळीकडे ते नसतं, म्हणून निघण्याआधी फोन करा.